साजरे करता न आलेले युद्ध

कुवेतमधून इराकी सैन्य हुसकावून लावणे योग्यच होते, असे माझे १९९१ मध्ये मत होते आणि आजही ते तसेच आहे. ज्या देशात मी संसार थाटला होता तो देश एका रात्रीत गिळला गेलेला मी पाहिला, त्यामुळे ‘कोणतेही युद्ध कधीच नको’ असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला मनापासून बसता येत नाही. आणि तरीही १७ जानेवारी १९९१ रोजी बगदादवर बॉम्ब पडू लागले, मुंबईत आमच्या ओळखीची माणसे ‘बरी अद्दल घडली सद्दामला’ म्हणत खूश झाली, तेव्हा त्या आनंदात मला सामील होता आले नाही. त्यानंतर जगात कुठेही युद्ध पेटले की कोणी ना कोणी मला विचारते, ‘तुम्ही तर हे सगळे अनुभवले आहे, तुम्हाला काय वाटते?’ माझे उत्तर ऐकणाऱ्याला बहुधा अर्धवट वाटते. युद्ध न्याय्य असू शकते हेही त्यात असते आणि त्याबद्दल पेढे वाटता येत नाहीत हेही असते. ही दोन्ही मते मी एकाच ठिकाणाहून, एकाच उन्हाळ्यात घेऊन आले, आणि ती एकमेकांना खोडत का नाहीत हे सांगायचे तर तो उन्हाळाच सांगावा लागतो.

युद्ध माझ्या आयुष्यात कुवेतमध्येच प्रथम आले असे मात्र नाही. १९७१ च्या डिसेंबरमध्ये मी दादरच्या एका चाळीत राहणारी शाळकरी मुलगी होते. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवले होते, मोटारींच्या दिव्यांचे वरचे अर्धे भाग काळे रंगवले होते आणि भोंगा वाजला की सगळे दिवे मालवून आम्ही जिन्यात जमत असू. मोठी माणसे आकाशवाणीच्या बातम्यांकडे कान लावून बसत आणि आम्ही मुले अंधाराचा फायदा घेऊन एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगत असू. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली तेव्हा चाळीत पेढे वाटले गेले. त्या पेढ्यांत मला आजही काही वावगे वाटत नाही. पूर्व बंगालमधून आलेल्या सुमारे एक कोटी निर्वासितांना घरी परतण्याची वाट त्या विजयानेच मोकळी करून दिली. पण आपले सैन्य कुठेतरी दूर लढते, आपण दिवे मालवतो आणि शेवटी एक बातमी येते, अशी युद्धाची जी कल्पना तेव्हा मनात रुजली, ती पुढे जवळजवळ वीस वर्षे तशीच राहिली. महाराष्ट्राच्या शहरांत वाढलेल्या माझ्या पिढीतल्या बहुतेकांची कल्पना तीच असावी. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या ज्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे फौजेत जातात तिथे हीच बातमी फार वेगळ्या कानांनी ऐकली जाते, हे मला लग्नानंतर सासरच्या गावी गेल्यावर कळले.

कुवेतमध्ये आम्ही सालमिया भागात राहत होतो. यजमान एका व्यापारी कंपनीत हिशेबाचे काम पाहत होते, मुलगा अजून शाळेत जायचा होता. देशाची लोकसंख्या तेव्हा वीस लाखांच्या आसपास होती, तीत निम्म्याहून अधिक माणसे आमच्यासारखी बाहेरून आलेली होती, आणि भारतीयच पावणेदोन लाखांच्या घरात होते. २ ऑगस्ट १९९० हा गुरुवार होता. पहाटे गडगडाट झाला तेव्हा एवढ्या कडक उन्हाळ्यात पाऊस कसा, असे वाटून मी गच्चीवरचे कपडे काढायला उठले. तासाभराने रेडिओवर मदतीची याचना ऐकू येऊ लागली. दसमान राजवाड्यापाशी चकमक झाली, देशाचे राज्यकर्ते असलेले अमीर सौदी अरेबियात निघून गेले, त्यांचे एक भाऊ राजवाड्याच्या दारात मारले गेले, हे सगळे नंतर तुकड्यातुकड्यांनी कळले. ज्याला पुस्तकांत लढाई म्हणतात ती आमच्यापुरती पहिल्याच दिवशी जवळजवळ आटोपली होती. आमचे युद्ध त्यानंतर सुरू झाले.

दूरच्या माणसाला नागरिकाचे युद्ध म्हणजे बॉम्ब आणि ढिगारे वाटतात. कित्येक शहरांत ते तसेच असते, आणि त्यांच्या तुलनेत आमच्या वाट्याला फारच कमी आले. कुवेत शहरात आम्ही असेपर्यंत वीज होती, नळाला पाणी होते, इमारती उभ्या होत्या. नाहीशी झाली होती ती सगळी व्यवस्था, जिच्यावर विश्वास ठेवून माणूस रात्री निर्धास्त झोपतो. बँक बंद झाली आणि तिच्यात आमची सगळी पुंजी अडकली. पुढे इराकी दिनार आणि कुवेती दिनार यांची किंमत सारखीच मानावी असा हुकूम निघाला. बाजारात इराकी दिनाराला कुवेती दिनाराच्या मानाने काडीची किंमत नव्हती, त्यामुळे खिशातले पैसेही एका फतव्याने मातीमोल झाले. यजमानांचा पासपोर्ट आखातातल्या रिवाजाप्रमाणे कंपनीच्या तिजोरीत होता आणि मालक उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी देशाबाहेर गेलेले होते. त्या तिजोरीची किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात यजमानांचे पहिले कित्येक दिवस गेले, आणि मला त्या काळातली सर्वांत मोठी भीती आठवते ती रणगाड्यांची नसून या किल्लीची आहे. परदेशी फोन बंद होते. मुंबईला माझ्या आईला आम्ही जिवंत आहोत हे कळायला मार्ग नव्हता. २८ ऑगस्टला कुवेत हा इराकचा एकोणिसावा प्रांत असल्याचे जाहीर झाले. ज्या देशाच्या शिक्क्यावर आमचे राहणे अवलंबून होते, तो देशच कागदोपत्री उरला नाही.

या दिवसांत कुवेती लोक कसे वागले हे मुद्दाम लिहून ठेवायला हवे, कारण त्यांच्याबद्दल आपल्याकडे ‘तेलाच्या पैशावर ऐषारामात राहणारे लोक’ एवढेच बोलले जाते. कामगार वस्त्या रिकाम्या होऊ लागल्या तशी चांगल्या घरांतली तरुण मुले स्वतः कचरा उचलू लागली, बेकऱ्यांत खुबूस म्हणजे अरबी रोट्या भाजू लागली, जमियांमध्ये म्हणजे वस्तीच्या सहकारी दुकानांत गल्ल्यावर बसू लागली. धान्य देताना ती माणसाचे नागरिकत्व पाहत नसत. निदान आमच्या जमियामध्ये तरी आम्हाला कधी परत पाठवले गेले नाही. एका रात्री गच्चीगच्चीवरून ‘अल्लाहू अकबर’चा घोष सुरू झाला आणि तो एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत पसरत गेला; सैनिकांनी हवेत गोळ्या झाडल्या, तरी तो थांबला नाही. आणि एका सकाळी मी खाली उतरले तर गल्लीच्या नावाची पाटी गायब होती. शेजारच्या घराचा क्रमांकही उखडलेला होता, फक्त स्क्रूची चार भोके तेवढी राहिली होती. हळूहळू शहरभर तेच झाले. इराकी यंत्रणेकडे नावे आणि पत्ते होते. पत्ते सापडू नयेत म्हणून शहरानेच आपल्या पाट्या उतरवल्या होत्या. नि:शस्त्र माणसांनी केलेला याहून साधा प्रतिकार मी पाहिलेला नाही.

आमच्या इमारतीसमोरच्या चौकात इराकी सैनिकांची चौकी बसली होती. त्यांतली बरीचशी पोरे अगदीच कोवळी होती, आणि जी वयाने मोठी होती ती इराणशी आठ वर्षे लढून दोन वर्षांपूर्वीच सुटलेली होती. त्यांना वेळेवर जेवण मिळत नसे हे उघड दिसत होते. एके दुपारी दार वाजले. यजमान बाहेर गेलेले होते, मी मुलाला आतल्या खोलीत लोटले आणि साखळी लावूनच दार किलकिले केले. बाहेर एक सैनिक उभा होता आणि त्याला सुई-दोरा हवा होता. मी शिवणाच्या डब्यातून खाकी रंगाच्या जवळचा दोरा शोधून दिला. तो जिन्याच्या पायरीवर बसला, बंदूक मुलाच्या तीनचाकी सायकलीला टेकवून ठेवली आणि पँटचा उसवलेला शिवणीचा भाग टाचू लागला. टाके मोठे आणि वाकडे होते. मी दाराच्या फटीतून पाहत होते; मला तो जायला हवा होता आणि त्याच वेळी त्याच्या हातातून सुई काढून घेऊन ते काम नीट करून द्यावेसेही वाटत होते. काम झाल्यावर त्याने सुई हरवू नये म्हणून रिळात खोचून परत दिली, मान लववली आणि तो उतरून गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पलीकडच्या गल्लीतल्या एका कुवेती तरुणाला सैनिकांनी नेले. परत आणले ते त्याच्याच घराच्या दारात उभे करून गोळी घालण्यासाठी, आणि घरच्यांना ते पाहायला लावले. अशा घटना कुवेतमध्ये त्या महिन्यांत ठिकठिकाणी घडल्या आणि पुढे मानवी हक्क संघटनांनी त्यांची नोंदही केली. आम्ही आवाज ऐकला. काय झाले ते इमारतीच्या हारिसने, म्हणजे पहारेकऱ्याने, सांगितले. त्या गोळीबाराच्या वेळी सुई मागायला आलेला मुलगा तिथे होता की नव्हता, हे मला माहीत नाही. पुष्कळ वर्षे मला वाटत असे की हे कळले तर माझ्या मनाचा निकाल लागेल. आता तसे वाटत नाही. तो असला तरी त्याची उसवलेली पँट खरी होती, आणि तो नसला तरी त्या घराच्या दारात सांडलेले रक्त खरे होते. त्या सैन्याला कुवेतमधून घालवायलाच हवे होते. त्या सैन्यात तो मुलगा होता.

आमच्या वरच्या मजल्यावर एक पॅलेस्टिनी कुटुंब होते. आजोबांचे घर १९४८ मध्ये याफाला सुटले होते, मुलगा कुवेतमध्येच शिकून इंजिनिअर झाला होता. कुवेतमध्ये तेव्हा चार लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी होते. शाळा, दवाखाने, कार्यालये त्यांच्याच जिवावर चालत. त्या घरात रोज वाद चाले. सद्दामने कुवेतच्या प्रश्नाची सांगड पॅलेस्टाइनच्या प्रश्नाशी घातली होती आणि धाकट्या भावाला त्यात आशा दिसत होती. थोरल्याला ती फसवणूक वाटत होती. आजोबा काहीच बोलत नसत, फक्त संध्याकाळी माझ्या मुलासाठी मसूर घालून शिजवलेला भात खाली पाठवीत. युद्धात सापडलेल्या सगळ्या माणसांचे मत एक होते, ही बाहेरच्यांची समजूत आहे. एकाच जिन्यावर, एकाच भीतीत राहणाऱ्या माणसांची मतेही एक नसतात. निघताना आम्ही आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे ठेवली. कुवेत मुक्त झाल्यावर पॅलेस्टिनींवर सरसकट संशय घेतला गेला आणि त्यांपैकी बहुतेकांना देश सोडावा लागला; धाकट्याच्या आशेची शिक्षा थोरल्यालाही झाली. त्यांचा ठावठिकाणा आम्हाला पुढे लागला नाही.

आमची सुटका कशी झाली हे आता बऱ्याच वाचकांना चित्रपटामुळे ठाऊक असते, म्हणून त्यावर फार रेंगाळत नाही. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल ऑगस्टमध्ये बगदादला गेले, सद्दामला भेटले, आणि त्या दोघांच्या आलिंगनाचे छायाचित्र जगभर छापले गेले. त्यावर कठोर टीका झाली. आक्रमकाला मिठी मारणे शोभले नाही असे म्हणणाऱ्यांचे मी चूक म्हणत नाही. पलीकडच्या गल्लीतले ते कुटुंब हे छायाचित्र पाहून काय म्हणाले असते, हे मला न सांगता कळते. पण आमच्या बसला बसराच्या रस्त्यावर जी वाट मिळाली तिच्यात त्या मिठीचाही वाटा होता. बसमध्ये बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होते आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

मुतला टेकडीवरून बसरा, तिथून बगदाद, तिथून वाळवंट ओलांडून जॉर्डनची सीमा, असा हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा तो प्रवास होता. बगदादमध्ये बस थांबली तेव्हा एका बेकरीवाल्याने मुलाच्या हातात गरम रोटी दिली आणि पैसे घेण्यास नकार दिला. खरे तर तोवर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध लागू झाले होते आणि त्याच्याच घरी पीठ पुरवून वापरण्याचे दिवस आले होते. सीमेवर रुवैशेदच्या बाजूला तंबूंचे गावच वसले होते. दिवसा तंबूचा कपडा हाताला चटका देई, रात्री थंडी वाजे, पाण्याचा टँकर आला की आपले सगळे संस्कार विसरून माणसे त्याच्यावर तुटून पडत. आमच्या शेजारच्या तंबूत बांगलादेशी कामगार होते. आमच्यासाठी अम्मानहून एअर इंडियाची विमाने सुटत होती. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या काळात पावणेपाचशेहून अधिक फेऱ्यांमधून एक लाख अकरा हजारांहून जास्त माणसे मुंबईला आणली गेली, आणि आपल्या देशाने हे केले याचा मला आजन्म अभिमान आहे. पण त्या शेजारच्यांना कोणाच्या तरी मदतीची वाट पाहत आमच्यानंतरही तिथेच राहावे लागले. आम्ही बसमध्ये चढताना त्यांतल्या एकाने आमची उरलेली पाण्याची डबडी मागितली. मी ती दिली. देताना मला वाटलेली सुटकेची भावना मी अजून विसरलेले नाही, आणि त्या भावनेत त्याच्याबद्दलचा विचार किती थोडा होता हेही.

सहार विमानतळावर उतरल्यावर युद्ध संपले, असे सगळ्यांनी धरून चालले होते. दिराच्या घरातल्या एका खोलीत आमचा संसार नव्याने सुरू झाला. तेलाचे भाव दुपटीच्या आसपास गेले होते, रॉकेलच्या रांगा वाढल्या होत्या, आखातातून येणाऱ्या मनीऑर्डरी थांबल्या होत्या. रत्नागिरीपासून केरळपर्यंत किती चुली त्या पैशांवर पेटत होत्या हे तेव्हा उघड झाले. देशाची परकीय गंगाजळी आटण्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक होते, आणि पुढच्या वर्षी सोने गहाण टाकण्याची वेळ आली. युद्धात नसलेल्या देशाच्या स्वयंपाकघरापर्यंत युद्ध असे पोचते.

जानेवारीत सोसायटीच्या केबलवाल्याने मोठी तबकडी बसवली आणि घरोघरी बगदादचे हिरवट आकाश दिसू लागले. युद्ध घडत असतानाच पाहण्याचा तो आपल्याकडचा पहिलाच प्रसंग होता. माणसे चहाचे कप हातात घेऊन पाहत होती. क्षेपणास्त्र चिमणीतून नेमके आत कसे शिरते हे तज्ज्ञ समजावून सांगत होते. मला त्यांच्याइतकेच, कदाचित त्यांच्याहूनही जास्त, इराकचा पराभव हवा होता. कारण मला कुवेतमधली ती बिनपाट्यांची गल्ली माहीत होती. पण पडद्यावर बगदादचा पूल दिसला की त्याच्या अलीकडे बेकरी होती की पलीकडे, हे मी आठवू लागत असे. १३ फेब्रुवारीला अमिरियाच्या निवाऱ्यावर बॉम्ब पडले आणि आत आश्रयाला गेलेली चारशेहून अधिक माणसे, मुख्यतः बायका आणि मुले, जळून मेली. तो लष्करी तळ समजून मारा केला होता असे सांगण्यात आले. त्या रात्री आमच्या दिवाणखान्यात कोणी बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तज्ज्ञ आले.

फेब्रुवारीच्या अखेरीस इराकी सैन्य कुवेत सोडून पळू लागले. मुतलाच्या चढावर विमानांनी पुढच्या आणि मागच्या गाड्या टिपून तो सगळा तांडा कोंडला आणि मग जाळला. पळणाऱ्या गाड्यांत लुटीचा माल होता हे खरे आहे. कुवेतच्या घरांमधले दूरचित्रवाणी संच, गालिचे, कपडे त्या रस्त्यावर विखुरले होते. आमचेही काही त्यात असू शकेल. मी ती छायाचित्रे पाहिली तेव्हा आम्ही त्याच चढावरून गेलो होतो हे आठवले, आणि टाके मोठे घालणारा तो मुलगाही आठवला. त्याच दिवशी कुवेत मुक्त झाल्याबद्दल मी देवापुढे दिवा लावला. दिवा लावताना हात थरथरत होता तो आनंदाने की कशाने, हे मी तेव्हा स्वतःला विचारले नाही.

आणखी एका गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांच्या एका गटापुढे पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीने रडत साक्ष दिली होती, की इराकी सैनिकांनी रुग्णालयातल्या नवजात बालकांना काचपेट्यांतून काढून जमिनीवर मरायला सोडले. ही साक्ष जगभर दाखवली गेली, युद्धाच्या बाजूने बोलताना नेत्यांनी तिचा वारंवार उल्लेख केला. जानेवारी १९९२ मध्ये उघड झाले की ती मुलगी अमेरिकेतल्या कुवेती राजदूतांचीच होती आणि ती मोहीम एका नामांकित जनसंपर्क संस्थेने आखली होती. त्या कहाणीला पुढच्या चौकशांत आधार सापडला नाही. आमच्या पलीकडच्या गल्लीत जे घडले ते घडलेलेच होते, त्याला अशा कहाणीची गरज नव्हती. तरी दूर बसलेल्यांना युद्धासाठी तयार करायला ते पुरेसे वाटले नाही. पुढे लोक म्हणू लागले की कुवेतमधल्या अत्याचारांच्या गोष्टी म्हणजे सगळा प्रचारच होता. दारात उभे करून मारलेला तो तरुणही त्या ‘सगळ्या’त गेला. ज्याच्या दुःखावर खोटे रचले जाते त्याच्याकडून ते दुःख दुसऱ्यांदा हिरावले जाते, आणि ते हिरावणारे पुष्कळदा त्याच्याच बाजूचे असतात. म्हणून आता कोणत्याही युद्धात माझ्या बाजूने सांगितलेली भयंकर गोष्ट मी अधिक कसोशीने तपासते. खोटी ठरावी म्हणून नव्हे, खरी असेल तर ती टिकावी म्हणून.

इराकी सैन्याने जाता जाता पेटवलेल्या सहाशेहून अधिक तेलविहिरी नोव्हेंबर १९९१ मध्ये विझल्या. आमच्यापुरता हिशेब त्याहून पुष्कळ लांबला. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या नुकसानभरपाई आयोगाकडे, कुवेत सोडावे लागलेल्या इतर भारतीयांप्रमाणे, आम्हीही सरकारमार्फत अर्ज केला. देश सोडावा लागल्याबद्दल ठरावीक रक्कम होती, एकट्या माणसाला अडीच हजार डॉलरपासून तर कुटुंबाला जास्तीत जास्त आठ हजारांपर्यंत. ही रक्कम इराकच्या तेलविक्रीतून वळती केली जात होती. १९९६ मध्ये तेलाच्या बदल्यात अन्नधान्याची योजना सुरू झाली तेव्हा उत्पन्नाचा तीस टक्के भाग या भरपाईसाठी बाजूला काढला जाई. आक्रमकाने किंमत मोजली पाहिजे या तत्त्वात मला कुठेही खोट दिसत नाही. आमचे घर, पुंजी, यजमानांची उमेदीची वर्षे गेली होती, आणि दिराचे कर्ज उभे होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पैसे हाती आले तेव्हा ते कर्ज फिटले. त्याच काळात इराकमधल्या रुग्णालयांत साधी औषधे मिळत नाहीत, मुले दगावतात, अशा बातम्या येत होत्या. सद्दाम आपल्या राजवाड्यांत सुखरूप होता. आमची भरपाई प्रत्यक्षात कोणी केली, हा प्रश्न मी यजमानांना एकदा विचारला. ते हिशेबाचे माणूस. बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘आपण घेतले ते आपले होते. त्यांच्याकडून गेले ते त्यांचे होते. दोन्ही नोंदी बरोबर आहेत.’ युद्धाबद्दल माझ्या घरात बोलले गेलेले याहून अचूक वाक्य मला आठवत नाही.

आयोगाचे काम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले ते २०२२ च्या फेब्रुवारीत. तोवर एकूण ५२.४ अब्ज डॉलर देऊन झाले होते. त्याच महिन्याच्या चोविसाव्या तारखेला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबाची भाची सुमी शहरात वैद्यकीय शिक्षण घेत होती आणि इतर सुमारे सातशे भारतीय विद्यार्थ्यांबरोबर तिथे अडकली होती. तिची मावशी माझ्याकडे आली आणि ‘काकू, तिला काय सांगू?’ म्हणाली. मी सांगितले: पासपोर्ट अंगावर ठेव, पायांत बूट घालूनच झोप, फोन नंबर कागदावर लिहून ठेव, आणि रांगेत जायचे असेल तर कोणाला तरी सांगून जा. १ मार्चला खारकिवमध्ये सामान आणायला बाहेर पडलेला एक भारतीय विद्यार्थी मारला गेला. सुमीतल्या मुलांना ८ मार्चला बसमधून बाहेर काढता आले.

मधल्या दिवसांत सोसायटीत रोज चर्चा होई. युक्रेनला लढण्याचा हक्क आहे, असे मी तिथे स्पष्ट सांगितले. ज्याच्या घरात कोणी घुसले आहे त्याला शांततेचा उपदेश करणे मला कुवेतनंतर कधीच जमलेले नाही. पण जळालेल्या रशियन रणगाड्यांची चित्रे एकमेकांना पाठवून हसणाऱ्यांना मी तसे करू नका असेही म्हटले, आणि एका तरुण शेजाऱ्याने मला विचारले की मग मी नक्की कोणत्या बाजूची आहे. मी म्हटले, युक्रेनच्या. त्याचे समाधान झाले नाही, आणि ते होईल असे उत्तर माझ्याजवळ नाही.

ती मुलगी सुखरूप परत आली. त्या वर्षी गणपतीत मंडळाने तिचा सत्कार ठेवला आणि ‘युद्धभूमीतील थरारक अनुभव’ सांगण्याची विनंती केली. काय बोलू, असे विचारत ती माझ्याकडे आली; थरार असा काही आठवतच नव्हता, फक्त वसतिगृहातले पाणी संपल्यावर बर्फ वितळवून वापरलेला आठवत होता. तेच सांग, असे मी म्हटले, आणि तिने तेच सांगितले: बर्फ कुठला घ्यायचा, बादलीभर बर्फाचे पाणी किती थोडे होते, ते गाळायचे कशातून, आणि तळमजल्यावरच्या युक्रेनी बाई आपल्या वाट्याचे पाणी मुलींना कशा देऊन जात. पुढच्या खुर्च्यांवरची काही माणसे मध्येच उठून गेली. बोलून झाल्यावर पहिला प्रश्न मागे बसलेल्या एका आजोबांनी विचारला, की त्या बाईंचे पुढे काय झाले. त्या तिथेच आहेत, असे ती म्हणाली, आणि वीज असली की त्यांचा निरोप येतो, असेही तिने सांगितले.